कीर्तनकारांना वर्गात बोलवा

माझा धाकटा भाऊ नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. परवा फोनवर म्हणाला, "दादा, एचआयव्हीचा भाग आला की मी मुलांना तो घरी वाचून यायला सांगतो." मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही पुस्तिकेतली चित्रं खटकली होती. आजही आपलं भांडण तेच आहे: मुलांना संस्कार द्यायचे की माहिती?

युगांडाच्या राजधानीत, कंपालात राहून मला या 'की'चाच राग येऊ लागला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात शंभरातल्या सुमारे पंधरा प्रौढांना लागण होती. सरकार बोललंच, पण गावोगावी विश्वास होता तो पाद्री आणि इमामांवर. गिडियन ब्यामुगिशा या अँग्लिकन पाद्रींची पत्नी एड्सने गेली. पुढे १९९२ मध्ये त्यांनी स्वतःलाही लागण असल्याचं जाहीर सांगितलं. पाद्रीच असं बोलतो म्हटल्यावर 'हा पापाचा रोग' म्हणणाऱ्यांची जीभ अडखळणारच. इथल्या मुसलमान डॉक्टरांच्या संघटनेने इमामांना शिकवून घरोघरी पाठवलं. त्यांचा आधी कंडोमला विरोध होता. चर्चा होत राहिली आणि संयम, निष्ठा यांच्यानंतरचा शेवटचा उपाय म्हणून तोही मान्य झाला.

पण धर्माच्या नावाने अर्धंच सांगितलं तर काय होतं, तेही याच खंडाने पाहिलं. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने प्रतिबंधासाठीच्या मदतीतला एक तृतीयांश भाग 'लग्नापर्यंत थांबा' या प्रचाराला बांधून टाकला. ती अट २००८ मध्ये निघाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या अनेक देशांवरच्या अभ्यासात या प्रचाराने तरुणांचं वागणं बदलल्याचं दिसलं नाही. शिवाय लग्नापर्यंत थांबलेल्या मुलीला नवऱ्याकडून लागण झाली, तर तिच्या संयमाचा तिला काय उपयोग?

म्हणून मला धर्म बाहेर नको आणि पडदाही नको. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण, दारूबंदी अशा विषयांवर लोकांना थेट प्रश्न विचारले. ती परंपरा आपली आहे. लागण कशी होते, कशाने होत नाही, तपासणी कुठे होते, औषधं नियमित घेतली तर माणूस आयुष्यभर कसा जगतो, हे सगळं कीर्तनकाराच्या तोंडून आलं तर पालक उठून जाणार नाहीत, असं मला वाटतं.

भावाला हे सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सप्ताहाला येणारे महाराज शिकलेले आहेत. पण कंडोम हा शब्द ते उच्चारतील?"

मी म्हटलं, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि महाराजांना एकत्र बसव. शब्द कुठला वापरायचा ते त्यांना ठरवू दे. मुलांना अर्थ कळला पाहिजे.