देवळाचं एस्टिमेट फुगवलं म्हणून एक स्टार दिलेल्या काकांना उत्तर

नमस्कार काका. तुमचा रिव्ह्यू वाचला, ऑफिसातल्या पोरांनीपण वाचला. तुम्ही लिहिलासा की आमच्या एस्टिमेटमुळं गावच्या देवळाची फाईल पुरातत्त्व खात्यातून परत आली, गावातला गवंडी निम्म्यात करून देतो म्हणतोय, दगडांना नंबर घालायचेपण आम्ही पैसे लावले, आणि आधी कमी दाखवून पास करून घ्यायचं मग वाढवायचं, सगळे तसंच करतात, यांनाच काय झालंय. स्टारचं राहू दे. पण हे वाचून उद्या खानापूर, बैलहोंगलकडची दुसरी कमिटी येऊन "तेवढं कमी दाखवा की" म्हणणार, म्हणून फोन न करता इथंच सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो, आम्ही कंत्राटदार न्हवे. मोजमाप, ड्रॉइंग, डीपीआर (कामाचा सविस्तर अहवाल) आणि एस्टिमेट एवढंच आमचं काम, फी लमसम ठरलेली, आणि ज्या कामाचा डीपीआर आम्ही केला त्याचं टेंडर आम्ही भरत नाही. एस्टिमेट वाढलं म्हणून आमच्या खिशात एक रुपया जास्त येत नाही, हे तुम्हाला मीटिंगमध्येपण सांगितलेलं.

आता गवंड्याचं. माणूस चांगला आहे, त्याचं घरकाम मी बघितलंय. पण त्यानं जे निम्म्यात धरलंय ते काय, तर छतावर सिमेंटचा थर, सांधे सिमेंटनं भरायचे, पुढं फरशी. तुमचं देऊळ दगडावर दगड, मध्ये चुनापण नाही, सगळं वजनावर उभं आहे. वरून पाणी येतंय ते शिळांच्या जोडातनं. तिथं सिमेंट घातलं की एक तर वजन वाढलं, ते कडक असतंय म्हणून दगड थोडा हलला की बाजूनं चीर पडते, पाणी आत जातंय पण बाहेर निघत नाही, सिमेंटातले क्षार दगडात उतरतात आणि काही पावसाळ्यात दगडाची पापुद्रं निघायला लागतात. मग ते सिमेंट छिन्नीनं काढायचा खर्च वेगळा, आणि त्यात कोरीव काम जातंय ते जातंयच. त्यात देऊळ कर्नाटक राज्याच्या १९६१ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित आहे, खात्याला न विचारता एक घमेलं सिमेंटपण तिथं घालता येत नाही, ही गोष्ट गवंड्याला कुणी सांगितलेली दिसत नाही.

आम्ही छताला चुन्याचा कोबा धरलाय. चुना आणून विझवायचा, टाकीत मुरवत ठेवायचा, मग वाळू आणि विटांची सुरकी घालून मळायचा, गूळ-बेलफळाचं पाणी, वर धोपटायला माणसं, आणि कितीतरी दिवस ओलं पोतं. हे काम येणारी माणसं आता मिळतात कुठं, बाहेरून आणायला लागतात, त्यांचं राहणं-जेवण आलं. पीडब्ल्यूडीच्या एस.आर. मध्ये, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, असल्या आयटमला सरळ रेट सापडत नाही, मग माल किती, मजूर किती, वाहतूक किती असं एकेक लिहून रेट ॲनालिसिस करायला लागतंय. तुम्हाला जे "फुगवलेलं" दिसलं ते हेच पान आहे. वर जीएसटी १८ टक्के (जुलै २०२२ च्या आधी असल्या सरकारी कामाला १२ होता), १ टक्का लेबर सेस (बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठीचा). हे आम्ही लावत नाही, लागतंय.

नंबरचं तर मला हसूच आलं, माफ करा. मंडपाचा एक कोपरा खचलाय, तेवढा भाग उतरवून पाया नीट करून परत रचायचा आहे. खांब, तुळई, छज्जा, प्रत्येक दगडाला नंबर, प्रत्येकाचा फोटो, स्केलमध्ये ड्रॉइंग, उतरवायचा क्रम, खाली ठेवायची जागा. हे न करता उतरवलेला मंडप म्हणजे दगडांचा ढीग, आणि मग परत रचताना ज्याला जे वाटेल ते.

जोत्याभोवतीची माती जेसीबीनं एका दिवसात निघते असं तुम्ही लिहिलासा. निघते की. पण त्या मातीत दोन वीरगळ अर्धी गाडलेली तुम्हीच आम्हाला दाखवलासा, खाली अजून काय आहे कुणाला माहीत. म्हणून ते खोदकाम खात्याचा पुरातत्त्वाचा माणूस उभा राहून करणार, आणि रीतसर उत्खनन करायचं झालं तर राज्य सरकारलासुद्धा आधी केंद्राची मंजुरी लागते, केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातच आहे. कंत्राटदार फक्त मजूर, चाळणी, शेड, ताडपत्री देणार. इथं हिशोब कसा चुकतो बघा. १० बाय १० मीटरचा चर १ मीटर खोल म्हटलं की सगळे १०० घनमीटर धरतात. पण चौकोनाच्या कडेला माती सोडायची असते, थर दिसावेत म्हणून, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर साहेबांनी १९४७ ला चित्रदुर्गकडं ब्रह्मगिरीला याच शिस्तीनं खोदलं. चारी बाजूनं अर्धा-अर्धा मीटर सोडला की उरतंय ९ बाय ९, म्हणजे ८१. कंत्राटदाराला १०० चे पैसे जाऊ नयेत म्हणून आम्ही ८१ च लिहिलंय, हे तुमच्या रिव्ह्यूत कुठं नाही. उलट खोदलेली माती फुगते, ती चाळायची, लांब टाकायची, शेवटी परत भरायची, ते तीन वेगळे आयटम. खापरं निघाली की धुणं, नंबर घालणं, पिशव्या, ड्रॉइंग, रिपोर्ट. खोदण्याइतकाच खर्च खोदून झाल्यावर असतो आणि बहुतेक एस्टिमेटमध्ये नेमका तोच नसतो, मग खापरांची पोती वर्षानुवर्षं गोडाऊनात पडून.

आता "कमी दाखवून पास करून घ्या". करता आलं असतं, तेवढी अक्कल आम्हालापण आहे. पण नंतर काय होतंय ते तुम्ही बघितलं नसणार. कंत्राटदार मंडप उतरवतो, पाया उघडतो, पैसे संपतात. रिवाईज एस्टिमेट वर जातंय, परत तांत्रिक मंजुरी, परत प्रशासकीय मंजुरी, तोवर तुमच्या खांबाचे दगड शेतात, गवतात पडून. आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. तुमचं देऊळ आज गळायलंय हे मान्य, पण उभं तरी आहे. आणि टेंडरच्या लिमिटखाली बसवायला कामाचे तुकडे पाडा असं तुमच्या कमिटीतले एकजण म्हणाले होते, तेपण चालत नाही, आम्ही तसं लिहून देणार नाही.

राहिली फाईल. परतीच्या पत्राची कॉपी तुमच्याकडं पण आहे, परत एकदा वाचा. रकमेबद्दल त्यात एकच ओळ आहे, टप्पे करता येतील का एवढीच. बाकी सगळं जागेच्या उताऱ्यावर आहे, देवळामागची पट्टी कुणाच्या नावावर ते जुळत नाही म्हणून. तो उतारा आम्ही काढू शकत नाही, कमिटीनंच तलाठ्याकडं जायला पाहिजे, आणि हे दिवाळीच्या आधीच सांगितलेलं. टप्प्याचं म्हणाल तर डीपीआरच्या शेवटच्या पानावर आहेच: पहिल्यांदा छताचा कोबा, भोवतीची पाण्याची गटार आणि खचलेल्या कोपऱ्याला लाकडी टेकू. मंडप आणि खोदकाम दुसऱ्या टप्प्यात, आधी दोन छोटे चाचणी खड्डे घेऊन पाया कसा आहे बघून मगच त्याची रक्कम पक्की करायची. हे टेंडर चुकवायला पाडलेले तुकडे न्हवेत, आधी काय लागणार त्याचा क्रम आहे.

उतारा आणि कमिटीचा ठराव घेऊन या, पहिल्या टप्प्याचं ॲबस्ट्रॅक्ट (खर्चाचा गोषवारा) त्याच दिवशी सही करून देतो, त्याची वेगळी फी नाही. तोवर छतावर साधी ताडपत्री बांधा, दोरी खांबाला न गुंडाळता बाहेरच्या मेढीला, आणि गवंड्याला वर चढू देऊ नका.