पक्ष फुटले म्हणता, पण तालुक्यात पक्ष होता कुठे?

गावी फोन लागला की आधी पाऊस, मग सोयाबीनचा भाव, मग घरच्यांच्या तब्येती, आणि त्यानंतर बोलणं राजकारणावर येतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. 'पार्टी-बिर्टी काही राह्यली नाही रे बाबू, आता माणूस पाहूनच मत द्या लागते,' असं माझे मोठे काका म्हणतात. चुलतभाऊ त्यांच्याही पुढे जातो. त्याच्या मते पक्षच नकोत. सगळे अपक्ष निवडून द्यावेत आणि त्यांनी विधानसभेत बसून जे योग्य वाटेल ते करावं. पानठेल्यावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात हेच ऐकू येतं, असं तो सांगतो.

त्यांचा संताप मला समजतो. २०१९ मध्ये एका युतीच्या नावाने मतं मागितली गेली आणि सरकार दुसऱ्याच आघाडीचं आलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि २०२४ च्या विधानसभेला मतदारापुढे दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी उभ्या राहिल्या. ज्याच्याविरुद्ध पाच वर्षं घोषणा दिल्या त्याच्याच गळ्यात हार घालायची वेळ कार्यकर्त्यांवर आली. अशा वेळी 'पक्षावर विश्वास ठेवू नका' हे कुणालाही पटेल.

मला मात्र ते पटत नाही. पक्ष फार झाले म्हणून आपला तालुका नडला, असं मला वाटत नाही. आपल्याकडे पक्ष कधी नीट उभेच राहिले नाहीत, आणि दुखणं तिथे आहे.

तालुक्याच्या ठिकाणी पक्ष म्हणून काय दिसतं ते पाहा. एक नेता असतो, त्याला सगळे भाऊ किंवा साहेब म्हणतात. त्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात, निवडणुकीच्या तोंडावर एक कार्यालय उघडतं आणि निकालानंतर बंद होतं. सभासद नोंदणी होते, कधी पावती फाडून तर कधी नुसत्या मिस्ड कॉलवर. पण त्या सभासदाला अधिकार कोणता? तालुकाध्यक्ष वरून नेमला जातो. उमेदवार वरून ठरतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याचा एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचतो तो पक्षाचा उमेदवार, आणि वीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बाहेर फाटकापाशी उभा राहून बातमीची वाट पाहतो. मग तो बंडखोरी करतो आणि आपण त्याला गद्दार म्हणतो. त्याचं म्हणणं मांडायची एकही जागा पक्षात नव्हती, हे कुणी विचारात घेत नाही.

याचा परिणाम पक्ष फुटल्यावर उघडा पडला. खरा पक्ष कोणाचा, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. संघटनेत बहुमत कोणाकडे हे मोजायचं तर संघटना सभासदांनी निवडलेली हवी. आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेबाबत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीबाबत निकाल दिला तेव्हा संघटनेची ती कसोटी बाजूला ठेवावी लागली आणि आमदार-खासदारांची डोकी मोजून नाव आणि चिन्ह दिलं गेलं. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही, त्यात मी जात नाही. मला एवढंच दिसतं की लाखो कार्यकर्त्यांच्या पक्षाचा मालक ठरवताना एकाही कार्यकर्त्याचं मत मोजलं गेलं नाही, कारण मोजण्याजोगं काही ठेवलेलंच नव्हतं.

मी हँबुर्गमध्ये राहतो. इथल्या गोष्टी सांगायला मला नेहमी संकोच वाटतो, कारण 'आमच्याकडे जर्मनीत' म्हणून सुरू होणारं बोलणं गावाकडे कुणाला आवडत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण या बाबतीत सांगितलंच पाहिजे. या देशात १९३३ च्या जुलैत एक सोडून सगळे पक्ष कायद्याने संपवले गेले आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. म्हणून १९४९ च्या राज्यघटनेत त्यांनी पक्षांसाठी स्वतंत्र कलम घातलं, एकविसावं. पक्ष लोकांचं राजकीय मत घडवण्यात भाग घेतात, आणि पक्षाची आतली रचना लोकशाही तत्त्वांना धरूनच असली पाहिजे, असं ते सांगतं. त्यावर १९६७ मध्ये पक्षांचा वेगळा कायदा आला. उमेदवार ठरवायचा तो सभासदांनी किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी, गुप्त मतदानाने.

ही नुसती कागदावरची कलमं नाहीत. १९९१ ची हँबुर्ग राज्याची निवडणूक इथल्या घटना न्यायालयाने मे १९९३ मध्ये रद्द ठरवली. मतदान यंत्रणेत घोटाळा झालेला नव्हता. सीडीयू या मोठ्या पक्षाने आपले उमेदवार ठरवताना सभासदांना खरी निवड करूच दिली नव्हती, आणि त्याच पक्षाच्या काही सभासदांनी दाद मागितली होती. तिकीटवाटप लोकशाहीने झालं नाही, म्हणून अख्ख्या राज्याची निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एबी फॉर्मसाठी फाटकाशी थांबलेले आमच्याकडचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले.

एकदा शेजारणीबरोबर तिच्या पक्षाच्या सभेला पाहुणा म्हणून गेलो होतो. शाळेच्या सभागृहात लोक जमले होते, त्यात पेन्शनर होते, दोन नर्सेस होत्या, एक बसचालक होता. विद्यमान खासदार पुन्हा उभा राहणार होता आणि त्याच्यासमोर दुसरा इच्छुक कोणी नव्हता. तरी त्याला तासभर प्रश्न विचारले गेले, भाड्याच्या घरांवर, रुग्णालयावर, त्याने संसदेत केलेल्या एका मतदानावर. मग चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, पेटी फिरली आणि मतं मोजली. काहींनी त्याच्याविरुद्ध मत दिलं, आकडा सगळ्यांसमोर वाचला गेला. खासदाराने तो ऐकून घेतला. मी गप्प बसून पाहत होतो आणि मनात येत होतं, आपल्या एका आमदाराला त्याच्याच पक्षाच्या लोकांसमोर असा एक तास बसवता आला तर?

२०१७ च्या निवडणुकीनंतर इथे कित्येक महिने नवं सरकार बनेना. शेवटी आघाडीत जायचं की नाही हा प्रश्न एसपीडी या दुसऱ्या मोठ्या पक्षाने आपल्या सुमारे ४ लाख ६३ हजार सभासदांपुढे ठेवला. पोस्टाने मतं आली, ६६ टक्के लोकांनी होकार दिला आणि मगच मार्च २०१८ मध्ये सरकार बसलं. आपल्याकडच्या आघाड्यांच्या वेळी कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या सभासदाला कोणी विचारलं होतं?

इथेही सगळं बरं चाललेलं नाही. १९७० च्या दशकात एसपीडीचे दहा लाखांहून जास्त सभासद होते. २०२५ मध्ये पुन्हा आघाडीवर मत घेतलं तेव्हा मतदानाचा हक्क असलेले साधारण ३ लाख ५८ हजारच उरले होते, आणि त्यांपैकीही जेमतेम निम्म्यांहून थोड्या जास्त जणांनी मत दिलं. सभांना तरुण कमी दिसतात. तीन पक्षांचं सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळलं. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परक्यांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि त्या रात्री माझ्यासारख्यांच्या घरात काळजीनेच दिवे उशिरापर्यंत चालू होते. आतून लोकशाही असली म्हणजे पक्ष शहाणाच निघतो, असं मी म्हणणार नाही. पण पक्ष चुकला तर त्याला आतून अडवायची वाट कुठे आहे, हे इथल्या सभासदाला माहीत असतं.

आता 'माणूस पाहा' या सल्ल्याकडे येतो. विदर्भाने माणूस पाहून मत देऊन बघितलेलं आहे. जांबुवंतराव धोटे यवतमाळचे. वेगळ्या विदर्भासाठी त्यांच्या एका हाकेवर गावंच्या गावं रस्त्यावर येत. १९७१ मध्ये नागपूरने त्यांना फॉरवर्ड ब्लॉककडून लोकसभेत पाठवलं. १९८० मध्ये ते त्याच नागपुरातून काँग्रेसचे खासदार झाले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्याकडे आजही भांडणं होतात. माझा प्रश्न चळवळीचा आहे. माणूस गेला तिकडे चळवळ गेली, कारण तिला धरून ठेवणारी, ठराव करणारी, नेत्याला जाब विचारणारी संघटना गावोगाव नव्हती. पुढे भाजपनेही १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. त्याचं काय झालं, हे त्या पक्षाच्या आर्णीतल्या किंवा नेरमधल्या सभासदाने कोणत्या सभेत विचारायचं होतं?

आणि पक्ष नसलेली निवडणूक कशी असते तेही आपल्याला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तिथे पॅनल असतात, आणि पॅनलमागे कोणाचे पैसे आहेत हे मतदाराला अधिकृतपणे कधीच कळत नाही. निकाल लागला की सगळेच पक्ष सांगतात, आमचे इतके सरपंच आले. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. पक्ष हटवले म्हणून सत्तेची भूक हटत नाही. फक्त जबाबदार कोण ते सांगता येत नाही.

अपक्षांच्या विधानसभेत अर्थसंकल्प मंजूर कसा होणार, हेही चुलतभावाने मला सांगावं. २८८ अपक्षांची बोलणी रोज नव्याने करावी लागतील, आणि त्या बाजारात कापूस उत्पादकापेक्षा ठेकेदाराचा आवाज मोठा असेल.

आपल्या कायद्याने उलट दिशेनेच गाठ घट्ट केली. मूळ राज्यघटनेत पक्षांवर कलम नव्हतं. १९८५ मध्ये बावन्नाव्या दुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते, ही तरतूद झाली. विदर्भाचे ६२ आमदार आहेत. कापसाच्या किंवा सिंचनाच्या प्रश्नावर मतदान झालं आणि पक्षादेश आला तर त्यांना मतदारसंघाचं मत बाजूला ठेवावं लागेल. पक्षादेश काढणारा नेता मात्र सभासदांनी निवडलेला असलाच पाहिजे, असं कोणताही कायदा म्हणत नाही. आमदार नेत्याला बांधला, नेता कुणालाच बांधला नाही. आणि इतकं करूनही पक्षांतरं थांबली नाहीत. एकेकट्याने जायच्या ऐवजी आमदार गटाने जाऊ लागले.

उपाय नव्याने शोधायची गरज नाही. विधी आयोगाच्या १७० व्या अहवालात, १९९९ मध्येच, पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बंधनकारक कराव्यात अशी शिफारस आहे. तेव्हापासून केंद्रात आणि राज्यात जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांनी सत्ता भोगली. कोणीही तिला हात लावला नाही. त्यात मला आश्चर्य वाटत नाही, चीड येते.

याची सर्वात मोठी किंमत आमच्या भागात रिपब्लिकन चळवळीने मोजली. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हा विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांमध्ये वाचणारे, वाद घालणारे, वर्गणी देणारे कार्यकर्ते होते. पुढे त्याचे इतके गट झाले की एकाच वस्तीतली चार घरं चार गटांत विभागली गेली. मतभेद सगळ्याच पक्षांत असतात. ते सभासदांच्या मतदानाने मिटवायची रीत टिकली असती तर आज जिल्हा परिषदांमध्ये त्या लोकांची ताकद वेगळी दिसली असती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून काकांना आणि भावाला माझी विनंती वेगळी आहे. गावात मत मागायला कोणीही आला तरी त्याला विचारा: तुमचा तालुकाध्यक्ष कोणी निवडला? सभासदांची यादी कुठे लावली आहे? उमेदवारासाठी मतदान कधी झालं? कायद्याची वाट न पाहता कोणताही पक्ष हे उद्या करू शकतो. विधानसभेच्या एका जागेसाठी यादी जाहीर करायची, इच्छुकांना सभासदांसमोर बोलायला लावायचं आणि गुप्त मतदान घ्यायचं, एवढंच.

माझं नाव परदेशस्थ मतदार म्हणून गावच्या यादीत आहे. मत द्यायचं तर आपल्या कायद्याप्रमाणे मला स्वतः येऊन केंद्रावर उभं राहावं लागतं, पोस्टाने चालत नाही. आमच्या मतदारसंघात ज्या पक्षाचा उमेदवार असा निवडला जाईल, त्याचा जाहीरनामा मला निम्माच पटला तरी त्याला मत द्यायला मी सुट्टी काढून येईन.