योगायोग नव्हे, पण चूक माझीच

नमस्कार. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येवरच्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. लेखातलं एक विधान चुकीचं आहे, हा पहिला. दुसरा: हा सगळा दशमान पद्धतीचा योगायोग, "रिकाम्या मास्तरांचे छंद".

पहिला मुकाट्याने मान्य. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. एकापासून नऊपर्यंत कितीही १ ओळीने मांडून वर्ग करा, उत्तर हर्षद संख्याच येते, म्हणजे अंकांच्या बेरजेने तिला पूर्ण भाग जातो, असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही १२१ पुढे केलात. बेरीज ४, भाग जात नाही. विषय संपला. मग बसून नऊही तपासल्या, तर १, १२३२१ आणि आपली ही सतरा अंकी, एवढ्या तीनच टिकल्या. लेख दुरुस्त केलाय.

दुसऱ्यात निम्मं तुमचं खरं. उलटसुलट सारखी वाचता येणं हा लिहिण्याच्या पद्धतीचा गुण. पण ती पूर्ण वर्ग आहे, तिचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² आहेत, विभाजक बरोबर ४५ आहेत, यात पद्धत बदलून काडीचा फरक पडत नाही.

हर्षद असणं मात्र अंकांवर, म्हणजे लिहिण्यावरच अवलंबून. तरी तो योगायोग नव्हे. उभा गुणाकार मांडून बघा. रकान्यांत १, २, ३ असे चढत ९ पर्यंत एक जमतात, मग उतरतात, आणि हातचा कुठेच येत नाही. एकूण ९ × ९, म्हणून अंकांची बेरीज ८१. तिकडे १११११११११ ला ९ ने भाग जातो (शाळेतलीच कसोटी), म्हणून वर्गाला ८१ ने. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.

आता दहाला सोडून देऊ. चाराच्या पद्धतीत, जिथे रकाने १, ४, १६ असे चौपट वाढतात, १११ म्हणजे आपले २१. त्यांचा वर्ग ४४१, आणि तो चाराच्या पद्धतीत लिहिला की १२३२१! बेरीज ९, ४४१ ला ९ ने भागून ४९. आठाच्या पद्धतीत सात १ घ्या, तेच होईल. पाया (इथे ४, ८ किंवा १०) दोनाहून मोठा कुठलाही असो, त्याच्या प्रत्येक घाताला पायाहून एकाने लहान संख्येने भागलं की बाकी १ उरते. म्हणून त्या लहान संख्येइतकेच १ मांडले की बाक्यांची बेरीजही तेवढीच, आणि पूर्ण भाग जातो. सगळी मेख तिथे आहे.

राहिले मास्तर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवायचे. 'हर्षद' हे नाव त्यांचं, आणि या वर्गांना दिलेलं 'डेमलो'ही. ते आलं जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या एका स्टेशनावरून, आजच्या डोंबिवलीवरून. १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या अमेरिकन मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने दखल घेतली. रिकामे म्हणा हवं तर.

आणि हो, दहा १ घेतले की १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ गायब, बेरीज ८२. हातचा आला.