‘तुकडा काढू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कातडीच्या गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पेटतो, रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ दिसलं की कॅन्सर नाही, सावळ्या कातडीला हा आजार होतच नाही, आणि मोठ्या दवाखान्यात गेलं की पुन्हा कापतात. मी लातुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट माझ्या सहीनं जातात, म्हणून बोलणं भाग आहे.

सावळ्या कातडीचं आधी. गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्याकडे हा कॅन्सर खूप कमी, हे खरं. पण आपल्या माणसांत मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली येतो, जिथं उन्हाचा संबंधच नाही. कुरूप समजून ब्लेडनं तासत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. भाजल्याच्या जुन्या व्रणावरची, वर्षानुवर्षं न भरणारी जखमही कॅन्सर निघू शकते.

तुकड्यानं कॅन्सर पेटत नाही. माणूस उशिरा येतो, तुकड्यावरून आजार कळतो, तो पुढं बळावतो आणि दोष तुकड्याला लागतो.

सगळ्यात जास्त घात करतो तो ‘निगेटिव्ह’ हा शब्द. काढलेल्या गाठीच्या कडांना आम्ही शाई लावतो, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या तर ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, नाहीतर ‘निगेटिव्ह’. म्हणजे कॅन्सर आहेच, फक्त कडेपर्यंत पोचलेला नाही. एका मावशींच्या मुलानं एवढा एकच शब्द वाचला आणि आईला घरी नेलं. काही महिन्यांनी मावशी परत आल्या, तेव्हा कॅन्सर पसरून जांघेत गाठ आली होती. त्याच कागदावर ‘ब्रेस्लो ३.२ मिमी’ लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. मेलॅनोमात आधी हाच आकडा बघा: कॅन्सर किती खोल गेलाय त्याचं माप. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ते १९७० साली मांडलं. १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची साधारण १ सेंमी कातडी आणखी काढतात, २ मिमीच्या वर गेलं तर २ सेंमी. कडा साफ असल्या तरीही. १ मिमीच्या वर असेल तर जवळच्या लसिका ग्रंथी (काखेत, जांघेत असतात त्या; कॅन्सर पसरताना बऱ्याचदा आधी तिथं पोचतो) तपासायच्या का, हेही डॉक्टरांना विचारा. शेजारी ‘अल्सरेशन’, म्हणजे गाठीवरची कातडी फुटलेली, असं लिहिलं असेल तर धोका वाढलेला असतो.

राहिलं पुन्हा कापण्याचं. तुमच्या गाठीचे मेणातले ब्लॉक आणि पातळ काप लावलेल्या काचा लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. संभाजीनगरला किंवा मुंबईला जाताना रिपोर्टासोबत त्या मागून घ्या. तिथले डॉक्टर त्याच काचा पुन्हा बघतात. बहुतेकदा नव्यानं तुकडा काढावा लागत नाही.