‘आधी पात्रता, मग हक्क’ म्हणणाऱ्यांनी १८६५ सालचा हा कायदा वाचावा

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक पोस्ट फिरते आहे. मथळा: ‘अमेरिकेने गुलामांना हक्क दिले, पुढे काय झालं?’ मला ती मामांकडून आली. मामा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले, आकडा पडताळल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, खाली चार जणांनी अंगठे दाखवले, आणि बारावीतल्या भाचीने त्यातले दोन मुद्दे वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घेतले. ती हे भर सभागृहात बोलणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. लिंकनने १८६३ मध्ये एका सहीने सगळे गुलाम मुक्त केले. सरकारने प्रत्येकाला ४० एकर जमीन आणि एक खेचर फुकट दिलं, ते त्यांनी उडवलं. मुक्त झालेले लोक काम करेनात, म्हणून राज्यांना कडक कायदे करावे लागले. मग निरक्षर लोक आमदार झाले आणि त्यांनी तिजोऱ्या रिकाम्या केल्या. त्याला कंटाळून गोऱ्या समाजाने ‘प्रतिक्रिया’ दिली आणि १८७७ नंतर शांतता आली. आणि तात्पर्य: पात्रता येण्याआधी हक्क दिले की देशाचं वाटोळं होतं, ‘आपल्याकडच्या सुज्ञांनी बोध घ्यावा’. हा बोध कोणासाठी आहे ते सांगायला नको.

लिंकनचं आधी उरकतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा खरा आणि मोठाही. पण तो गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघून उत्तरेशी युद्ध करणाऱ्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरता होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्यं लिंकनच्या बाजूने होती. तिथल्या गुलामांना तो लागूच नव्हता. देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, राज्यघटनेच्या १३ व्या दुरुस्तीने. त्याआधी सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले होते. त्यांना कोणी नुसतं ‘सोडलं’ नाही.

आता जमीन. ही थाप सगळ्यात जास्त फिरते, म्हणून जरा सविस्तर. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मनने एक लष्करी हुकूम काढला. साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यालगतची, मळेवाल्यांनी सोडून दिलेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत कसायला द्यायची. सुमारे ४ लाख एकरांवर ४० हजारांच्या आसपास माणसं वसली. मुक्त झालेले लोक होते ४० लाखांच्या घरात. म्हणजे शंभरात एकाला जमीन मिळाली. खेचराचा तर हुकुमात उल्लेखही नाही. लष्कराने आपली काही जनावरं नंतर वापरायला दिली, इतकंच.

आणि ती जमीन त्यांनी उडवली नाही, ती त्यांच्याकडून काढून घेतली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी जुन्या मालकांना माफी देऊन त्यांची जमीन परत करायला लावली. साउथ कॅरोलायनाजवळच्या एडिस्टो बेटावर तोवर लोकांची शेती उभी राहिली होती. तिथे ही बातमी सांगायला ऑक्टोबर १८६५ मध्ये जनरल हॉवर्डला पाठवलं. मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा, फ्रीडमेन्स ब्यूरोचा, हा प्रमुख. युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. चर्चमध्ये जमलेल्या लोकांना तो म्हणाला की जुन्या मालकांना क्षमा करा, त्यांच्याशी मजुरीचे करार करा. बेटावरच्या लोकांनी समिती नेमली आणि हॉवर्डला लेखी उत्तर दिलं. त्याचा आशय असा: तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो आज मी त्याने ठरवलेल्या मजुरीत त्याची पेरणी केल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्या माणसाला मला क्षमा करता येत नाही. स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, हेही त्यांनी लिहिलं. ही माणसं थोड्या काळापूर्वीपर्यंत गुलाम होती. शेतमजुरीचं अर्थकारण त्यांना त्या जनरलपेक्षा स्वच्छ कळत होतं.

फुकटचंच विचारायचं तर एप्रिल १८६२ चा वॉशिंग्टन शहराचा कायदा बघा. तिथे गुलामांना मुक्त करताना सरकारने दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. मालकाला. राबलेल्याला फक्त देश सोडून जायचा असेल तर १०० डॉलरपर्यंत.

आता तिसरा मुद्दा: ‘लोक काम करेनात म्हणून कडक कायदे करावे लागले.’ सगळ्यात विषारी हाच आहे, आणि भाचीने नेमका हाच उचलला होता. मिसिसिपी राज्याने नोव्हेंबर १८६५ मध्ये हे कायदे केले. त्यांचा मजकूर छापलेला आहे, कोणालाही वाचता येतो. मी तो वाचला. मामांनीही वाचावा, कारण त्यात आकडे आहेत.

जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारपर्यंत प्रत्येक मुक्त माणसाकडे राहण्याच्या जागेचा किंवा नोकरीचा लेखी पुरावा हवा. नोकरी नसेल तर तो भटक्या ठरणार. भटक्याला ५० डॉलरपर्यंत दंड. पाच दिवसांत भरला नाही तर शेरीफ (जिल्ह्याचा पोलीस अधिकारी) त्याला भाड्याने देणार, जो कोणी त्याचा दंड भरेल त्याच्याकडे. शिवाय काळ्या माणसांवर वर्षाला एक डॉलरपर्यंत डोईपट्टी, आणि ती थकली तर तोच भटकेपणाचा पुरावा. गावाबाहेर शेतजमीन भाड्याने घ्यायला त्यांना बंदी. म्हणजे स्वतःची शेती करायची नाही, आणि दुसऱ्याच्या शेतावर नसाल तर गुन्हेगार.

कराराची मुदत संपण्याआधी सबळ कारणाशिवाय कोणी काम सोडलं तर त्या वर्षाची तोवरची सगळी मजुरी बुडाली. त्याला पकडून मालकाकडे परत नेण्याचा अधिकार नुसत्या पोलिसाला नाही, कोणाही माणसाला. पकडणाऱ्याला पाच डॉलर, वर मैलाला दहा सेंट. हे पैसे मालकाने द्यायचे आणि पळालेल्याच्या मजुरीतून वळते करून घ्यायचे. आपल्याला पकडून आणण्याचा खर्चही त्या मजुराच्याच माथी! पोरक्या मुलांना, आणि आईबाप पोसत नाहीत असं कोर्टाने ठरवलेल्या मुलांना, ‘शिकाऊ’ म्हणून बांधून द्यायचं. त्यात पहिला हक्क कोणाचा? जुन्या मालकाचा. दक्षिणेतल्याच साउथ कॅरोलायनाने शेती किंवा घरकाम सोडून दुसरं काही करायचं तर परवाना लावला. काळ्या माणसाने दुकान टाकायचं म्हटलं तर त्याला वर्षाला १०० डॉलर.

आळशी माणसाला कामाला लावायचं असेल तर त्याला दुकान का टाकू देत नाहीत? जमीन का भाड्याने घेऊ देत नाहीत? वेठबिगारी आपल्या मुलखाने पाहिली आहे. असे कायदे कशासाठी करतात हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये.

आणि तारीख बघा. हे कायदे नोव्हेंबर १८६५ चे. दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांना मत मिळालं ते अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मार्च १८६७ मध्ये केलेल्या कायद्यांमुळे. पोस्टचा सगळा डोलारा ‘आधी त्यांनी गोंधळ घातला, मग गोऱ्यांनी प्रतिक्रिया दिली’ यावर उभा आहे. इथे प्रतिक्रिया सोळा महिने आधी आली! एकही काळा आमदार नसताना, एकही मत पडलेलं नसताना. उलट हे कायदे पाहूनच उत्तरेतले पुष्कळ लोक हादरले, आणि १८६६ चा नागरी हक्क कायदा, कायद्याचं समान संरक्षण देणारी राज्यघटनेची १४ वी दुरुस्ती, मग मताधिकार हे सगळं एकामागून एक आलं.

निरक्षर आमदार आणि रिकाम्या तिजोऱ्या. इथे मला थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. साउथ कॅरोलायनात लाचखोरी झाली, रोख्यांचे घोटाळे झाले, काही काळ्या आमदारांनीही पैसे खाल्ले. पण तिथला सगळ्यात बदनाम गव्हर्नर फ्रँकलिन मोझेस गोरा होता आणि युद्धात दक्षिणेच्या बाजूने होता. त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये ट्वीड या गोऱ्या पुढाऱ्याच्या टोळीने शहर धुऊन नेलं, तिथे कोणी गोऱ्यांच्या पात्रतेचा प्रश्न काढला नाही. कर्ज वाढलं त्याचा मोठा भाग रेल्वे कंपन्यांना दिलेल्या हमीचा, आणि त्यात दोन्ही पक्षांचे हात होते. खर्च वाढला कारण शाळा काढल्या. युद्धाआधी दक्षिणेत बहुतेक ठिकाणी सर्वांसाठी सरकारी शाळा नावाची गोष्टच नव्हती, गोऱ्या गरिबांसाठीसुद्धा. साउथ कॅरोलायनाची १८६८ ची घटना काळ्यांचं बहुमत असलेल्या सभेने लिहिली. तिने सार्वजनिक शिक्षण आणलं आणि आमदारकीसाठी मालमत्तेची अट काढली. त्या सभेत शाळांसाठी भांडणारा रॉबर्ट स्मॉल्स जन्माने गुलाम. १८६२ मध्ये त्याने चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेची ‘प्लँटर’ ही बोट, कप्तानाची टोपी डोक्यावर घालून, घरच्यांसह पळवली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे तो खासदार झाला. ‘काळ्यांचं राज्य’ म्हणावं तर विधिमंडळाच्या सभागृहात काळ्यांचं बहुमत फक्त या एका राज्यात, तेही फक्त खालच्या सभागृहात. गव्हर्नरकी एकाच काळ्या माणसाकडे आली, लुइझियानाच्या पिंचबॅककडे, पाचेक आठवडे.

उधळेपणाच्या आरोपावर एवढंच: मुक्त झालेल्या लोकांनी फ्रीडमन्स बँकेत पै पै साठवली होती. वरच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी ती सट्टेबाजांना कर्जाऊ दिली. १८७४ मध्ये बँक बुडाली तेव्हा ६१ हजारांच्या आसपास खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले.

आता ती ‘प्रतिक्रिया’. लुइझियानातलं कोलफॅक्स गाव, १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून काळे नागरिक तिथलं कोर्ट राखून बसले होते. गोऱ्यांची सशस्त्र टोळी तोफ घेऊन आली. कोर्टाला आग लावली, बाहेर येणाऱ्यांना टिपलं, शरण आलेल्यांना रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातो. तिघांना शिक्षा झाली. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली, कारण म्हणे १४ वी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही. १९५० मध्ये तिथे सरकारी फलक लागला: या दिवशी दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या कुशासनाचा अंत झाला. तो २०२१ पर्यंत होता. आपल्या ग्रुपवर फिरणारी पोस्ट म्हणजे त्या फलकाचीच मराठी आवृत्ती आहे.

काळ्यांच्या हक्कांमागचं केंद्राचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं. त्यानंतरच्या ‘शांतते’ला एक आकडा पुरे. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजारांवर काळे मतदार नोंदलेले होते. नवी घटना, डोईपट्टी आणि साक्षरतेच्या अटी आल्यावर १९०४ मध्ये उरले १,३४२.

राहिला तो बोध. तो नवा नाही. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने सराया, गाड्या, नाट्यगृहं सर्वांना खुली केली होती. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. न्या. ब्रॅडली यांनी लिहिलं की गुलामगिरीतून बाहेर आलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा खास लाडका असणं थांबवून साधा नागरिक व्हायला हवं. गुलामगिरी जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. आणि पात्रता? युद्धाआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा होता. १८७० मध्ये काळ्या लोकांत ८० टक्के निरक्षर होते. १९०० मध्ये ४५ टक्क्यांच्या आत आले. शाळा जाळल्या जात असताना, शिक्षकांना मारहाण होत असताना हे झालं. हक्क मिळाले म्हणून शाळा झाल्या, शाळा होईपर्यंत हक्क थांबले नाहीत.

मामांनी पोस्टखाली स्वतःची एक ओळ जोडली होती: ‘जोतीरावांनीसुद्धा अमेरिकेचं कौतुक केलं होतं, पण शेवट बघा.’ जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. त्याच वर्षी कोलफॅक्स घडलं. अर्पणपत्रिकेतलं कौतुक बंदूक घेऊन आलेल्यांचं नाही.

आणि जो १८७५ चा कायदा अमेरिकेच्या न्यायालयाने रद्द केला, तोच १९३० मध्ये डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेपुढच्या आपल्या निवेदनात १८६६ च्या कायद्यासह आधाराला घेतला. १४ व्या दुरुस्तीतलं ‘कायद्याचं समान संरक्षण’ आज आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांत कोणाला अडवायचं नाही, हे अनुच्छेद १५ मध्ये आहे, आणि तो सरकारलाच नाही, खासगी माणसालाही लागू आहे.