‘जुने रंग नैसर्गिक, म्हणून पक्के’ हे खरं नाही

‘पूर्वीचे रंग नैसर्गिक, म्हणून शेकडो वर्षं टिकले; आजचे केमिकलचे, म्हणून उडतात. आणि उडालेच तर दोष उन्हाचा, काच लावली की काळजी मिटली,’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून लोक जपण्यासारख्या वस्तू हातच्या घालवतात, म्हणून उत्तर देतोय.

नैसर्गिक म्हणजे पक्का? गेरू पक्का आहे, मान्य. तो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी आधीच गंजलेलं लोखंड. त्याचं आणखी काय बिघडणार? पण हळदही नैसर्गिकच, आणि ती उजेडात किती भराभर उडते! फ्रेंच चित्रकार रेन्वाने १८८३ साली रंगवलेल्या मादाम क्लापिसाँच्या चित्राची चौकट शिकागोच्या संग्रहालयात काढली, तेव्हा चौकटीखाली झाकलेली कड भडक लाल निघाली. तो लाल कोचिनील किड्यापासून केलेला, पूर्ण नैसर्गिक. उघड्या भागात तो पार विटला होता. जुन्या युरोपीय भिंतपडद्यांवरची निळी पानंही मुळात निळी नव्हती. निळीसोबत पिवळा वनस्पतिरंग चढवून हिरवा साधला होता. पिवळा उडाला, नीळ राहिली. पडदा उलटून पाहिला तर मागे तीच पानं हिरवी सापडतात. आपण टिकलेले रंग मोजतो, उडालेले मोजत नाही.

केमिकलचे सगळे कच्चे, हेही चूक. इओसिन हा लाल रंग कृत्रिम आणि फार कच्चा, हे खरं. पण क्विनाक्रिडोनचा लाल कृत्रिमच आहे आणि उजेडात कोचिनीलला कितीतरी भारी पडतो.

‘दोष उन्हाचा’ म्हणताना मजकूर एक गोष्ट साफ विसरतो : रंग कशावर बसलाय? तीच नीळ सुतापेक्षा लोकरीवर खूप जास्त टिकते. प्रशियन ब्लू हा कृत्रिम गडद निळा कागदावर नांदतो, पण ओल्या चुन्याच्या गिलाव्यात घातला तर चुन्याच्या क्षारामुळे त्याचं विघटन होऊन तो तपकिरी पडतो. तिथे उन्हाचा संबंधच नाही. उलटही घडतं, रंगच आधाराला खातो. तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाची रेघ जिथे ओढली असेल, नेमका तिथेच जुना कागद तपकिरी होऊन तडकतो, शेजारचा धड असतो. असा कागद नुसता अंधारात ठेवून भागत नाही, कारण बिघाड कागदाच्या आत चालू असतो.

आता काच. चांगली काच अतिनील किरण अडवते, पण डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो. शिवाय हवा आणि दमटपणा आहेच. रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८८ सालीच जलरंगांवर प्रयोग करून दाखवलं होतं की हवा आणि ओलावा काढून घेतला तर बहुतेक रंगांचं उडणं फार मंदावतं. काचेने ते साधत नाही. उजेडाचा हिशेबही साठत जातो : ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेडात १० तास म्हणजे साधारण ५०० लक्समध्ये १ तास. मंद दिवा रात्रंदिवस चालू ठेवला तर रंग उडवायला तोही पुरे. उडालेला कोचिनील रात्री अंधारात विश्रांती घेऊन परत येत नाही.