प्लेटलेट लाखावर गेल्या, पण मधलं अक्षर कुठे गेलं?

पावसाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: डेंग्यूत डोळ्यांना काही होत नाही, दुखतात ते तापामुळे. प्लेटलेट लाखावर गेल्या की धोका संपला. नंतर अंधुक दिसलं तर तो अशक्तपणा. पपईच्या पानांचा रस घ्या, डोळ्यांत गुलाबपाणी सोडा, नाहीतर चष्म्याचा नंबर बदला.

मी दादरला चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. म्हणून शेवटून सुरुवात करते, कारण हा मेसेज वाचलेली माणसं शेवटी माझ्याच खुर्चीत येऊन बसतात.

गेल्या वर्षी गणपतीनंतर परळहून एक मुलगा आला. डेंग्यू होऊन गेलेला, ताप उतरून तीन दिवस झालेले. "नंबर वाढलाय, स्क्रीन पुसट दिसतो." डावा डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. ज्या अक्षराकडे बघावं तेच गायब, शेजारची दोन्ही दिसतात. "मॅडम, इथे राखाडी डाग आहे." पिनहोल लावलं. नंबरमुळे आलेला पुसटपणा त्या बारीक छिद्रातून बघितल्यावर कमी होतो. याचा डाग ढिम्म हलला नाही. चष्मा न विकता त्याला त्याच दिवशी रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे पाठवलं. ओसीटीमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, पडद्याच्या ऐन मध्यावर सूज निघाली.

"डोळ्यांना काही होत नाही" याचं उत्तर इथेच आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो. पोटात, छातीत पाणी होतं ते यामुळेच. डोळ्याच्या पडद्यावरच्या केसाएवढ्या वाहिन्यांना यातून सूट नाही. तपासताना शिरा फुगलेल्या दिसतात, रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. रक्त कमी पडलेल्या जागी कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे डागही असतात. त्यातून गंमत अशी, की ज्या बिंदूनं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, त्या ऐन मध्यावर एकही रक्तवाहिनी नसते. भोवती केशवाहिन्यांचं कडं असतं. ते कडं थोडं जरी बंद पडलं किंवा गळलं, तरी वाचायचं अक्षरच जातं.

डोळे दुखतात, हे अर्धं खरं. पहिल्या दिवसांत डोळ्यांच्या मागे ठणकतं, ते डेंग्यूचं नेहमीचंच लक्षण. पण पडद्याला दुखणं कळत नाही. तिथला बिघाड न ठणकता, डोळा लाल न होता येतो. उलट बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर लाल भडक डाग पडला की घरचे घाबरतात, आणि तो बहुधा दोनेक आठवड्यांत आपोआप विरतो.

प्लेटलेटचं गणित मला सगळ्यात घातक वाटतं. पडद्याचा त्रास साधारण ताप सुरू झाल्यापासून आठवड्यानं डोकं वर काढतो, म्हणजे प्लेटलेट तळाशी असताना किंवा चढायला लागल्यावर. पेशंट घरी येऊन पेज खात असतो आणि रिपोर्टवरचा आकडा बघून सगळे निर्धास्त. अंधुक दिसतंय म्हटलं की "अशक्तपणा आहे, झोप."

पपईच्या रसानं प्लेटलेट वाढतात का, हा वाद बाजूला ठेवू. वाढल्या तरी वाहिनीची गळती त्यानं बुजत नाही. गुलाबपाणी तर पुढच्या दाराशी शिंपडून मागच्या मोरीची गळती थांबवायला निघाल्यासारखं.

आता उलट बाजूचा मेसेजही येईल: डेंग्यूनं डोळे जातात. तेही नको. सिंगापूरमध्ये २००५ च्या साथीत असे रुग्ण बरेच दिसले. तिथे दाखल झालेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या पडद्यात बदल सापडले. २००७ च्या साथीत विषाणूचा दुसरा प्रकार होता, तेव्हा मात्र फारसे नाहीत. बहुतेकांची नजर आठवड्या-महिन्यांत सुधारते, काहींना पुसट डाग राहतो. स्टेरॉइड द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, ते रेटिनाचे डॉक्टर ठरवतील. केमिस्टकडून मनानं आणू नका.

घरी एवढं करा. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, मध्ये पेननं ठिपका काढा, नेहमीचा चष्मा लावून एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो. रेषा तुटलेल्या, वाकड्या किंवा ठिपक्याच्या जागी डाग दिसला, तर सोमवारची वाट बघू नका.

तो परळचा मुलगा तीन महिन्यांनी परत आला. पांढऱ्या भिंतीकडे बघितलं तर थोडं करडं दिसतं म्हणाला, एरवी काही नाही. हौसेनं नंबर काढून घेतला. जुनाच निघाला.